आधी ब्रेक, मग इंजिन

मी ईएमईचा माणूस. फौजेत असताना आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर जबलपूरला स्थायिक झालो आणि हौसेपायी एक गाडी बनवली. तिनं मला फौजेनं शिकवलेलाच धडा पुन्हा शिकवला.

भंगारात मला एक केबिन सापडली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात फोर्ड आणि शेवरोले यांनी लष्करासाठी एकाच नमुन्याचे चार लाखांहून जास्त ट्रक बनवले. त्यांतले काही स्वातंत्र्यानंतरही आपल्या फौजेत चालले. चपटं तोंड, इंजिन जवळजवळ ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून. समोरची काच वरून पुढे झुकलेली, विमानातून तिची चकाकी दिसू नये म्हणून. अख्खा ट्रक असता तर मी त्याला कटर लावला नसता. पण चासी केव्हाच गेली होती. उरलं होतं ते गंजकं डोकं. ठरवलं, याची हॉट रॉड करायची.

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी सोलायची, बुटकी करायची आणि तिला दमदार इंजिन द्यायचं. हे वेड अमेरिकेतलं. तिथे १९३०च्या दशकात ट्रकच्या लांबीवर कायद्याची मर्यादा आली. केबिन इंजिनावर चढवली की तेवढ्याच लांबीत माल जास्त मावायचा. तेच बिननाकाचे ट्रक पुढे हौशी लोकांनी हॉट रॉडसाठी उचलले.

मी एका छोट्या मालवाहू ट्रकची चासी आखूड केली. चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन केबिनच्या मागे सरकवलं. केबिनचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला स्टिअरिंगच्या आणि गिअरच्या दांड्यांनी. मागे हौदा नाही, नुसता सांगाडा. आमचे मिस्त्री रोज म्हणायचे, "साहब, पहले रोकने का सोचो, चलाने का बाद में." मी ऐकलं नाही. हुकूम देण्याची सवय पेन्शनबरोबर सुटत नाही.

पहिली चाचणी मित्राच्या शेतात. हाताखालचा पोरगा मागे सांगाड्याला धरून उभा. ताशी चाळीसला मी ब्रेक दाबला. मागची चाकं जाम झाली, शेपूट गर्रकन फिरलं आणि पोरगा बांधावर फेकला गेला. कॉलरबोन मोडलं.

कारण साधं होतं. मालाच्या ट्रकचे मागचे ब्रेक भरलेल्या गाडीचा विचार करून बनवलेले असतात. गाडी रिकामी असली की त्याच जोरानं हलकी चाकं घसरतात. मी तर हौदाच काढून टाकला होता. हे मी जवानांना कित्येकदा समजावलं होतं.

दवाखान्यात त्याच्या आईनं एकच विचारलं, "साहब, आपने तो पट्टा बाँधा था ना?"

मी उत्तर दिलं नाही. बांधला होता.

सहा महिने गाडी झाकून ठेवली. मग मिस्त्रींच्या क्रमानं पुन्हा सुरुवात केली. मागे लहान व्हील सिलिंडर, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, डिझेलची टाकी आणि बॅटरी मागच्या आक्सलवर. ओल्या जमिनीवर आधी वीस, मग तीस. पुढची चाकं आधी घसरू लागली, तेव्हाच पुढे गेलो. दोन सीट, दोन पट्टे. तिसरा माणूस चढणार नाही.

तरुण मित्र विचारतात, रस्त्यावर कधी आणणार? नाही आणणार. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही. २०२१चे व्हिंटेज नियम पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आहेत खरे, पण गाडी मूळ रूपात हवी. म्हणून ती शेतातच फिरते. हौस करा, पण आधी नियम वाचा आणि जागा शोधा.

तो पोरगा आता बरा आहे. दर वेळी गाडी काढण्याआधी ब्रेक तोच तपासतो आणि वहीत सही करतो. गेल्या रविवारी त्यानं सही नाकारली. होजमधून तेल झिरपत होतं. पाहुणे जमले होते. मी किल्ली खिशात ठेवली आणि सगळ्यांना चहा पाजला.

जय हिंद.