यकृतावरचे व्रण: मोजता येतात, भरूनही येतात



लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण आमच्याकडे बहुतेक वेळा उशिरा येतो. पोटात पाणी झालेलं असतं, डोळे पिवळे असतात किंवा रक्ताची उलटी झालेली असते. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, परवापर्यंत अगदी ठणठणीत होते हो!" ते खरंच सांगत असतात. यकृत तक्रार न करता झिजतं. पण ही झीज आधी ओळखता येते, वेळेत थांबवता येते आणि पुष्कळदा मागेही फिरवता येते. आज तेवढं एक मला तुमच्या मनावर ठसवायचं आहे.

दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारी चरबी यांमुळे यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहते. एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवणाऱ्या स्टेलेट पेशी मग जाग्या होतात आणि कोलॅजनचे धागे तयार करू लागतात. हे व्रण म्हणजेच फायब्रोसिस. त्याच्या पायऱ्या एफ-० ते एफ-४. शेवटची पायरी म्हणजे सिरॉसिस. एफ-३ पर्यंत माणसाला सहसा काहीच जाणवत नाही. एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणीसुद्धा नॉर्मल येऊ शकते.

इथे एक गैरसमज दूर करतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' असं लिहून येतं आणि आपण निर्धास्त होतो. ती ग्रेड चरबीची असते, व्रणांची नव्हे. रुग्णाचं पुढे काय होणार, हे मात्र चरबीपेक्षा व्रणांवर जास्त अवलंबून असतं.

मग व्रण मोजायचे कसे? सुरुवात साध्या गणिताने होते. त्याला फिब-फोर म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या. समजा, मधुमेह असलेले ५५ वर्षांचे गृहस्थ आहेत. एसजीओटी ५६, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. ५५ गुणिले ५६ म्हणजे ३०८०. ४९ चं वर्गमूळ ७, म्हणून १६० गुणिले ७ म्हणजे ११२०. भागाकार आला २.७५. आकडे वेगवेगळे पाहिले तर कोणीही म्हणेल, "थोडंसं वाढलंय, काही विशेष नाही." पण फिब-फोर २.६७ च्या वर गेला की यकृततज्ज्ञाला दाखवायलाच हवं. १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. पासष्टीनंतर ही खालची मर्यादा २ धरतात आणि पस्तिशीच्या आत हे गणित फारसं भरवशाचं नाही.

आकडा मधला आला तर फायब्रोस्कॅन. तीन तास उपाशीपोटी जायचं, उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली घ्यायचा. बरगड्यांच्या मधल्या जागेत प्रोब टेकवतात आणि हलके ठोके जाणवतात. असे किमान दहा ठोके घेऊन यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. ८ च्या खाली आकडा आला तर गंभीर फायब्रोसिस बहुधा नाही. मात्र नुकतंच जेवण झालं असेल, यकृताला तीव्र सूज असेल किंवा हृदय अशक्त असेल, तर आकडा खोटा वाढतो. म्हणून एका आकड्यावर निदान करू नये. बायॉप्सीतही यकृताचा साधारण पन्नास हजारावा भागच हाती येतो. तिची गरज आता निवडक रुग्णांना लागते, विशेषतः तपासण्या एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा.

आता उपचार. मूळ कारण काढलं की व्रण विरतात. हिपॅटायटिस सी बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो; यशाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. हिपॅटायटिस बीमध्ये टेनोफोविर पाच वर्षं घेतलेल्या सिरॉसिसच्या ९६ रुग्णांची पुन्हा बायॉप्सी केली, तेव्हा ७१ जणांत सिरॉसिस उरला नव्हता. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'सिरॉसिस म्हणजे परतीची वाट बंद' ही समजूत मोडीत निघाली.

फॅटी लिव्हरमध्ये वजन दहा टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ८ किलो कमी केले, तर फायब्रोसिसही कमी होऊ शकतो. अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना यासाठी मान्यता मिळाली. तीही एफ-२ आणि एफ-३ साठी, सिरॉसिससाठी नाही. दारूमुळे व्रण असतील तर ती पूर्ण बंद, 'कधीतरी थोडीशी' नाही. आणि लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनी फायब्रोसिस विरतो, याला भक्कम पुरावा नाही.

सिरॉसिस झालाच असेल तरी हातपाय गाळू नका. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर लक्ष ठेवणं, त्यांतला दाब कमी करणारी कार्व्हेडिलॉलसारखी औषधं आणि कर्करोग लवकर सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, एवढ्यानेही आयुष्य वाढतं.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती. मधुमेह, लठ्ठपणा किंवा दारू यांपैकी काहीही तुमच्या घरात असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "माझा फिब-फोर किती?" आणि आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी करून घ्या. हे काम लक्षणं दिसण्याआधी करायचं आहे.