स्वस्त कागद नको, परवडणारा कागद हवा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेलं बोलणं. ज्या ताया सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



संक्रांतीला तिळगुळाची डबी, लग्नात आहेराचं पाकीट, दिवाळीत आकाशकंदील. कागदाच्या या वस्तू करायला बऱ्याच गटांची तयारी असते. काम घरी बसून होतं, शेतातून आल्यावर दोन तास काढून होतं आणि भांडवल थोडं लागतं. पण हे थोडं भांडवल म्हणजे आपली बचत असते, मजुरीतून दर महिन्याला बाजूला ठेवलेली. म्हणून कागद आणि हत्यारं कशी निवडायची, ते आज बोलू.

एकच गोष्ट मनात पक्की धरा. शीटची किंमत बघू नका, तयार वस्तूला किती कागद लागतो ते बघा.

आता हिशेब करू. कार्डशीट बहुतेक ठिकाणी 22 बाय 28 इंचाची मिळते. समजा, तुमची डबी उलगडल्यावर 7 बाय 11 इंचाची होते. अशा 8 डब्या एका शीटमध्ये बरोबर बसतात, पट्टीसुद्धा वाया जात नाही. आता तीच डबी अर्धा-अर्धा इंच वाढवा, म्हणजे साडेसात बाय साडेअकरा. मग शीट कशीही फिरवा, 5 च्या वर डब्या बसत नाहीत. शीट 20 रुपयांची धरली, तर पहिल्या डबीला कागद अडीच रुपयांचा आणि दुसरीला 4 रुपयांचा. 400 डब्यांची ऑर्डर असेल तर 50 शीटऐवजी 80 शीट लागतील. म्हणजे 600 रुपये नुसते कातरणात गेले. म्हणून आधी जुन्या वर्तमानपत्रावर डबी आखा, कापा, घडी घालून बघा. मग शीटवर किती बसतात ते मोजा आणि त्यानंतरच दुकानात जा. जाताना पट्टी न्या, कारण काही दुकानांत 20 बाय 30 ची शीटही असते. तिच्यावर मांडणी बदलते.

आता कागदाची जाडी. दुकानदार "जीएसएम" म्हणतो, ते म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद 70 ते 80 चा असतो. आहेराच्या पाकिटाला 100 ते 120 पुरतो. आकाशकंदिलाच्या कापीव पट्ट्यांना 160 ते 220 चा घ्या. शुभेच्छापत्राला 200 ते 250, आणि लहान डबीला 250 ते 300. त्याच्या वर गेलात तर हाताने कापताना मनगट भरून येतं आणि घडीवर कागद फुटतो. जाड म्हणजे चांगला, असं नाही.

दुकानदार सांगतो तेवढीच जाडी आहे का, हे तपासायला मशीन लागत नाही. ए-फोर मापाचे 16 कागद किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरतील, साधारण तितका जीएसएम, कारण 16 ए-फोर मिळून एक चौरस मीटर होतो. मोठी शीट असेल तर 22 बाय 28 च्या 10 शीट तोला आणि वजनाला 4 ने भागा. 250 चा माल असेल तर 10 शीट जवळजवळ एक किलो भरतात. आठशे ग्रॅमच भरल्या, तर तो माल 200 चा आहे. मग भाव 250 चा का द्यायचा, ते तिथेच विचारा.

प्रकारही ओळखा. एका बाजूने पांढरा आणि मागून करडा तो ड्युप्लेक्स, सगळ्यात परवडणारा. दोन्ही बाजूंनी पांढरा आणि गुळगुळीत तो आयव्हरी. डबीची आतली बाजू दिसत नसेल तर आयव्हरीचे पैसे कशाला? मात्र ड्युप्लेक्सचा करडा थर रद्दीच्या लगद्याचा असतो. तिळगूळ किंवा चिक्की त्यावर थेट ठेवू नका, आत बटर पेपर घाला. वर्तमानपत्रात तर खाण्याचा पदार्थ बांधूच नये.

कापडाला जशी उभी-आडवी बाजू असते, तशी कागदालाही असते. शीट न मोडता हलकीच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकते, त्या बाजूने घातलेली घडी नीट बसते, फुटत नाही. डबीची लांब घडी शक्यतो त्याच दिशेने आखा.

आता हत्यारं. पहिल्या ऑर्डरला चारच वस्तू लागतात. कटर, स्टीलची पट्टी, कात्री आणि संपलेलं बॉलपेन. बॉलपेन कशाला? घडीच्या जागी पट्टी धरून ते दाबून ओढा, खाच पडते आणि घडी सरळ येते. पट्टी स्टीलचीच घ्या. प्लास्टिकची पट्टी कटरने सोलली जाते, पातं घसरतं आणि बोटावर येतं.

कटर दोन मापांत मिळतो. 18 मिलिमीटर पात्याचा जाड कागदाला आणि 9 मिलिमीटरचा बारीक नक्षीला. पात्यावर तिरक्या रेघा असतात. टोक बोथट झालं की त्या रेघेवर ते मोडायचं आणि नवी धार वापरायची. असं पातं जपानमध्ये योशियो ओकादा यांनी 1956 साली काढलं. चॉकलेटच्या वडीचे तुकडे खुणेवर मोडतात, तीच युक्ती. आपण मात्र पैसे वाचवायला बोथट पातंच चालवत राहतो. बोथट पातं जास्त धोक्याचं असतं, कारण जोर जास्त लावावा लागतो. एका दमात कापू नका. दोन-तीन वेळा हलक्या हाताने ओढा आणि दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. मोडलेले तुकडे झाकणाच्या डब्यात साठवा. उकिरड्यावर टाकले तर जनावराच्या पोटात जातील.

खाली घ्यायला ए-थ्री मापाची कटिंग मॅट मिळते. रोज काम असेल तर ती घ्याच. तोवर जाड पुठ्ठा चालतो, पण त्यात चिरा पडल्या की बदला, नाहीतर पातं जुन्या चिरेत ओढलं जातं. आणि शिवणकाम करणाऱ्या तायांनो, कापडाची कात्री कागदाला लावू नका, तिची धार जाते.

मशीनचं काय, असं पुष्कळजणी विचारतात. कटिंग मशीनसाठी पहिलंच कर्ज काढू नका. सरळ तुकडे हवे असतील तर तालुक्याच्या छापखान्यात शीटचा गठ्ठा द्या, ते मजुरी घेऊन कापून देतात. एकाच आकाराच्या शेकड्यांनी डब्या हव्या असतील तर साचा बनवून पंचिंगही बाहेरून करून मिळतं. साच्याचा खर्च एकदाच येतो, म्हणून तीच डबी पुन्हा विकली जाणार असेल तरच तो करा. छापखान्यात कागदाच्या उरलेल्या पट्ट्याही किलोने मिळतात का, ते विचारा. किमतीच्या चिठ्ठ्या आणि कंदिलाच्या झिरमिळ्या त्यातून होतात.

खरेदी एकेका गटाने करू नका. पुण्यात बोहरी आळी आहे, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आहे, तिथे ठोक भाव मिळतो. पण दहा शीटसाठी गेलात तर एसटीच्या तिकिटात नफा संपतो. ग्रामसंघातल्या चार गटांनी मिळून यादी करा आणि दोघींनाच पाठवा. पक्कं बिल घ्या, गाडीभाडं खर्चात धरा. पावसाळ्यात शीट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर आडव्या ठेवा, नाहीतर ओल धरतात आणि वाकतात.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने एक डबी किंवा एक पाकीट करून आणा. सोबत एका कागदावर तीन आकडे लिहा. एका शीटमध्ये किती वस्तू बसल्या, एका वस्तूला कागद कितीचा पडला आणि एक वस्तू करायला किती मिनिटं लागली. तो तिसरा आकडा विसरू नका. कागदाचे पैसे आपण हिशेबात धरतो आणि आपली मजुरी सोडून देतो. ती धरूनच भाव सांगायचा.