मुक्या जीवांचा दवाखाना आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका स्थानिक पशुवैद्यकांनी केलेले भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, सर्वांचं मनापासून अभिनंदन. मला विषय दिलाय, 'खासगी पशुवैद्यकीय दवाखाना : सेवा आणि निगा'. विषय देताना सचिव साहेब हळूच म्हणाले, "डॉक्टर, गेटजवळच्या कुत्र्यांबद्दलही बोला. दोन मीटिंगा त्यातच गेल्या." तेव्हा आज दोन्ही बोलतो. हे दोन विषय वेगळे नाहीत, हेच मला सांगायचं आहे.

आधी दवाखान्याचं. अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावात खासगी पशुवैद्यक म्हणजे सगळ्या जनावरांचा एकच डॉक्टर. सकाळी टेबलावर कुत्री-मांजरं, दुपारी वस्तीवर म्हैस, संध्याकाळी शेळी अडली म्हणून फोन. कारहुणवी जवळ आली की बैल दाखवायला लोक येतात. कोणी मराठीत सांगतं, कोणी कानडीत. जनावर मात्र दोन्ही भाषा बोलत नाही. त्यामुळे त्याचं निम्मं निदान तुमच्या तोंडून होतं. कालपासून खाल्लं का, पाणी प्यायलं का, लघवी-शेण कसं आहे, घरी कोणती गोळी दिली का, एवढं नीट सांगितलंत तर माझं काम सोपं होतं आणि तुमचा खर्चही वाचतो.

माझ्या दवाखान्यात काय आहे? तपासणीचं टेबल, लसींसाठी फ्रिज, सलाईनची सोय, रक्त बघायला सूक्ष्मदर्शक आणि छोट्या शस्त्रक्रियेची खोली. एक्स-रे किंवा मोठं ऑपरेशन लागलं तर मी सरळ सोलापूरला पाठवतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखानाही आपलाच आहे, तिथल्या लसीकरणाच्या मोहिमांचा फायदा घ्या. मी असो की दुसरं कोणी, एक गोष्ट बघून घ्या. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकानेच उपचार करायचे असतात. साडेपाच वर्षांची पदवी घेतल्यावर ती नोंदणी मिळते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. फीसुद्धा आधीच विचारा. खर्च परवडत नसेल तर तसं सांगा, त्यातून मार्ग निघतो. न सांगता चार दिवस घरी बसवलेलं जनावर मात्र हाताबाहेर जातं.

आता घरच्या कुत्र्या-मांजरांचं. पिल्लू आणलं की सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर. सगळ्यात मोठा शत्रू पार्व्हो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर फिरवू नका. दुसरी गोष्ट गोचिडाची. गोचीड ताप रक्त तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. रॉकेल किंवा शेतातली कीटकनाशकं अंगाला चोळू नका. त्याच्या विषबाधेनेच जनावर माझ्याकडे येतं.

घरातली औषधंही देऊ नका. पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके हे कुत्र्याला बाधतं. आपला जिल्हा द्राक्षांचा, घरात मनुके असतातच, म्हणून मुलांनो, लाडाने भरवू नका. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. अंग गरम लागलं म्हणून ताप समजू नका, थर्मामीटर लावून बघू. एप्रिल-मे मधलं आपलं ऊन तर माहीतच आहे. दुपारी डांबरावर तळहाताची मागची बाजू ठेवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्यालाही तिथे चालवू नका.

आता जो विषय मीटिंगमध्ये निघाला, त्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी एका वस्तीवरून फोन आला. म्हैस सारखी लाळ गाळते, विचित्र हंबरते, घशात काहीतरी अडकलंय. मी पोचलो तेव्हा घरातला तरुण मुलगा बाही वर करून तिच्या तोंडात हात घालायला निघाला होता. त्याला आधी थांबवलं. विचारलं, महिन्याभरात कुत्रं चावलं का? तेव्हा आजीबाई म्हणाल्या, "चावलं होतं की, पण आम्ही भंडारा लावला." ती लक्षणं रेबीजची होती. म्हैस चौथ्या दिवशी गेली. पण घरात तिला चारा-पाणी करणारी, तिच्या लाळेला हात लागलेली चार माणसं होती. त्यांना त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवलं, लसी पूर्ण करून घेतल्या. चौघंही आज ठणठणीत आहेत. मुलाचा हात तोंडात गेला असता आणि फोन आला नसता तर काय झालं असतं, हे मी सांगायला नको.

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस काय आणि जनावर काय, वाचवण्याचा उपाय जवळजवळ नाही. पण लक्षणांच्या आधी लस घेतली तर हाच रोग पूर्ण टाळता येतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो वाचला. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन, तोच जागतिक रेबीज दिन.

म्हणून कुत्रं चावलं किंवा नख लागून रक्त आलं, तर आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, मिरची, तेल, भंडारा काही लावू नका. मग लगेच दवाखाना. 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही आठवण जुनी झाली, ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात इंजेक्शन देतात. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं औषध सोडावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. ठरलेल्या तारखा मात्र चुकवू नका. आणि घरच्या कुत्र्याचं बोचकारलं तरी हे सगळं करायचं, 'आपलंच आहे' म्हणून सोडायचं नाही.

आता गेटजवळच्या कुत्र्यांचं. एक बाजू म्हणते, पकडून लांब सोडा. दुसरी म्हणते, बिचारी कुठे जातील, खाऊ घाला. दोन्ही बाजूंना माझा मान आहे. आजोबांना पहाटे काठी घेऊन फिरावं लागतं, मुलांना सायकल चालवताना भीती वाटते, हे खरं आहे. आणि दत्त महाराजांच्या पायाशी चार कुत्री बघत वाढलेल्या या गावात भाकरीचा तुकडा टाकणाऱ्या हातालाही मी नाव ठेवणार नाही.

पण विज्ञान काय सांगतं बघा. इथली कुत्री तुम्ही हलवली, तर जागा आणि खाणं रिकामं राहत नाही, आठवड्याभरात दुसरी येतात. ती कुठली, लस झाली का, काही माहीत नसतं. आहे त्या कुत्र्यांना लस टोचली आणि त्यांची नसबंदी झाली, तर तीच कुत्री नव्यांना आत येऊ देत नाहीत. कुत्री साधारण दोन महिन्यांत विते, बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते. म्हणजे एका मादीची नसबंदी केली तर पुढच्या किती पिल्लांचा प्रश्न सुटतो, हिशोब तुम्हीच करा. भागातल्या दहातल्या सात कुत्र्यांना लस झाली, तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मान्य झालेलं गणित आहे.

कायदाही हेच सांगतो. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. ही जबाबदारी मुख्यतः स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे आपल्याकडे नगरपरिषदेची. खाणं घालण्याची जागा मात्र सोसायटीने ठरवायची, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि गेटपासून लांब.

तेव्हा रौप्यमहोत्सवी वर्षात चार ठराव करा, अशी माझी विनंती आहे. एक, सोसायटीच्या कार्यालयात पाळीव प्राण्यांची वही ठेवा, नाव आणि रेबीज लसीची तारीख लिहा. दोन, खाणं घालायची एक जागा आणि एक वेळ ठरवा, घालणाऱ्यानेच नंतर झाडून घ्यायचं. कचऱ्याच्या डब्यांना झाकणं बसवा, कारण उघडा कचराच जास्त कुत्री ओढतो. तीन, नसबंदीसाठी लेटरहेडवर नगरपरिषदेला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. चार, दरवर्षी २८ सप्टेंबरला गेटजवळच्या कुत्र्यांना रेबीजची लस. लसीचा खर्च सोसायटीने करावा, टोचण्याचं काम मी फी न घेता करीन. कुत्री पकडायला मात्र रोज खाऊ घालणारी मंडळी हवीत, कारण ती त्यांच्याच हाताला येतात. तक्रार करणाऱ्यांनी त्या दिवशी वही धरावी. एकाच कामात दोन्ही बाजू आल्या की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

खासगी दवाखाना म्हणजे माझं दुकान आहे, हे मी लपवत नाही. पण आजारी पडल्यावर आणलेल्या दहा जनावरांपेक्षा वेळेवर लस टोचलेलं एक जनावर मला जास्त समाधान देतं. पुढच्या पंचवीस वर्षांत या सोसायटीतल्या एकाही मुलाला कुत्रं चावल्यामुळे दवाखान्याची पायरी चढावी लागू नये, अशी शुभेच्छा देतो. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा, मी थांबलोय.