कान इकडे, मन तिकडे

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

शंभर वर्षांचा हिशेब मांडताना मुक्काम, पंगती, देणग्या वह्यांत सापडतात. पाठांतराची नोंद कुठल्याच वहीत नाही, ती माणसांच्या मुखात होती. आज तिथंच तूट दिसते, म्हणून त्यावर दोन शब्द.

अक्षरओळख नसलेल्या माउल्या सबंध हरिपाठ म्हणायच्या. ज्ञानोबारायांचे २७ अभंग, काही पोथ्यांत २८. शिवाय आपल्या त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांचा हरिपाठ निराळा. तुकोबारायांची गाथा इंद्रायणीत बुडाली तरी लोकांच्या मुखात उरली, असं परंपरा सांगते. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथंही पाठांतराला मान. आणि आता खिशात पुस्तक, मोबाईलमध्ये हरिपाठ, तरी चौथ्या अभंगाला जीभ अडखळते! 'पोरांची बुद्धीच कमी' असं म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना शब्द ऐकवायचे आणि त्याच वेळी पडद्यावरच्या खुणेप्रमाणे बटणं दाबायला लावायची. ऐकताना मन असं वाटलं गेलं, तर नंतर शब्द फार कमी आठवले. पण शांतपणे ऐकून घेतलेले शब्द बटणं दाबत दाबत सांगायला लावले, तर नुकसान थोडंच झालं. बटणं दाबणं मात्र मंदावलं.

आता हे आपल्या वाटेवर आणून बघा. मुरलेला वारकरी टाळ वाजवत, पाऊल टाकत, चिखल चुकवत अभंग म्हणतो. त्याला बघून नव्या माणसाला वाटतं, चालता चालता शिकताही येईल. तिथंच घोटाळा होतो. जुन्याचा अभंग आधीच आत बसलाय, तो नुसता बाहेर काढतोय. नव्याला तो अजून आत घ्यायचाय. ऐकलेला चरण आधीच्या चरणाशी, अर्थाशी, चालीशी जोडला जावा लागतो, आणि ती जोडणी करायला मन मोकळं पाहिजे. हाताला टाळ बसला नसेल तर सगळं मन टाळातच जातं. म्हणून आधी टाळ पक्का, मग बसून एकेक चरण, मग रस्ता. आपल्याकडची जुनी माणसं मुक्कामाला पोरांना समोर बसवून चरण घोकून घ्यायची, ते उगाच नव्हतं.

मोबाईलचंही तेच. अमेरिकेत लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला प्रयोग २०१४ साली छापून आला. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले त्या, नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. गंमत अशी, की ज्या वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन टिपला, तिथं तोटा झाला नाही. म्हणजे पाप यंत्राचं नाही, मन कुठं होतं त्याचं आहे. कीर्तन सबंध रेकॉर्ड करून घेणारे पुष्कळ. पुन्हा लावून ऐकणारे किती, हे ज्याचं त्यानं पाहावं.

आणि ते बटणांचं मंदावणं विसरू नका. पाठ असलेला अभंग म्हणतानाही मनाचा काही भाग त्यात गुंततोच, आणि उणेपणा दुसऱ्या कामाला येतो. आपलं दुसरं काम म्हणजे नाशिक-पुणे महामार्गावरून चालणं. म्हणून यंदापासून ठरवलंय: सिन्नरच्या अलीकडे मोहदरी घाटात झेंडेकरी, चोपदार आणि शेवटच्या ओळीतले दोघे अभंग म्हणणार नाहीत. त्यांनी फक्त गाड्यांकडं बघायचं. त्यांच्या वाटणीचा अभंग मधल्या टाळकऱ्यांनी म्हणावा, आणि घाट उतरल्यावर पाळ्या बदलाव्यात.