रंगकामाचा वेळ आणि रास्त मजुरी



कामावर ठरणाऱ्या मजुरीचे मर्म सोलापूरला कोणी समजावून सांगावे लागत नाही. येथे विडी वळणाऱ्या स्त्रीला हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि यंत्रमागावरील कामगाराची कमाई विणलेल्या मालावर अवलंबून असते. हजार विड्यांचा दर ऐकणाऱ्याला तेंदूची पाने भिजविण्यात आणि ती मापाने कातरण्यात गेलेला वेळ दिसत नाही. पण तो वेळ त्या स्त्रीच्या दिवसातूनच खर्च झालेला असतो. घराच्या आतील रंगकामाचीही हीच स्थिती आहे. भिंतीवर कुंचला फिरतो तेवढाच वेळ घरमालकाच्या नजरेत भरतो. त्याआधीचे खरवडणे, घासणे आणि लांबी भरणे हे हिशेबाबाहेर राहते. रंगकामातील बहुतेक तंटे येथूनच सुरू होतात.

हा विषय लहान नाही. विडी कामगार स्त्रियांसाठी कुंभारी येथे उभारलेली १०,००० घरे २००६ साली त्यांच्या स्वाधीन करण्यात आली. त्याच परिसरातील रे नगर वसाहतीतील १५,००० घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. अशा प्रत्येक घराला काही वर्षांनी पुन्हा रंग द्यावा लागतो. रंग देणारा आणि देवविणारा, दोघेही बहुधा हातावर पोट असलेलेच असतात. तेथे अंदाज चुकला, तर एकाची मजुरी बुडते किंवा दुसऱ्याची पुंजी वाया जाते.

आधी माप, मग दर

खोली नजरेने पाहून उक्ता आकडा सांगण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती सोडून प्रथम माप घ्यावे. समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट व छताचे १२०, म्हणजे एकूण ५६० चौरस फूट किंवा ५.६ ब्रास होते.

दारे-खिडक्यांची वजावट किती करावी, याविषयी नेहमी वाद होतो. बांधकामाच्या मोजमापासंबंधीच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांच्या उघड्या जागेची वजावट केली जात नाही. यामागे अनुभव आहे. लहान झरोक्यामुळे रंग थोडा वाचतो, पण त्याच्या कडा सांभाळण्यात वेळ अधिक जातो. पुढील नमुना हिशेब सोपा राहावा म्हणून त्यात दारे-खिडक्यांची वजावट केलेली नाही आणि त्यांच्या लाकडाचा रंगही धरलेला नाही. पाकळ्यांच्या दाराला खाचा व कंगोरे असतात. म्हणून त्याचे माप सपाट क्षेत्रफळाहून अधिक धरण्याचा प्रघात सरकारी बांधकामांतही आहे.

वेळेचा नमुना हिशेब

वर सांगितलेल्या खोलीच्या भिंती बऱ्या स्थितीत आहेत आणि त्यांना पुन्हा रंग द्यायचा आहे, असे धरू. एका कारागिराचे कामाचे दिवस नमुन्यादाखल असे मांडता येतील : सामान हलविणे, फरशी झाकणे व शेवटची साफसफाई अर्धा दिवस, जुना रंग खरवडणे व घासणे एक दिवस, भेगा व खळगे भरणे अर्धा दिवस, प्रायमर अर्धा दिवस, लांबीची डागडुजी करून पुन्हा काचकागद मारणे एक दिवस, आणि रंगाचे दोन हात मिळून एक दिवस. एकूण साडेचार दिवस. यांत प्रत्यक्ष रंगाचा वेळ एकच दिवस, म्हणजे एक चतुर्थांशाहूनही कमी आहे.

आता मजुरी पाहू. कारागिराचा रोज ९०० रुपये धरला, तर साडेचार दिवसांचे ४,०५० रुपये होतात. कुंचले, रोलर, शिडी यांची झीज आणि जाण्यायेण्याचा खर्च यांसाठी दहा टक्के, म्हणजे ४०५ रुपये मिळविले की ४,४५५ रुपये होतात. ५६० चौरस फुटांवर हा दर फुटामागे सुमारे आठ रुपये पडतो, रंगसाहित्य निराळे. हेच काम पाच रुपये दराने घेतले, तर हाती २,८०० रुपये येतील. त्यातून ४०५ रुपये खर्च वजा जाता रोज केवळ ५३२ रुपयांच्या आसपास पडेल. दर ऐकताना तीन रुपयांचा फरक किरकोळ वाटतो. दिवसांत मांडला की तो कारागिराच्या रोजाचा दोन पंचमांश हिस्सा ठरतो.

हे आकडे केवळ रीत दाखविण्यापुरते आहेत. प्रत्येक गावाने आपल्याकडील रोज आणि एका खोलीच्या कामाची प्रत्यक्ष नोंद यांवरून आपले आकडे बसवावेत.

माप सारखे, काम निराळे

क्षेत्रफळ सारखे असले म्हणजे वेळ सारखा लागतो, असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरात लाकडी तुळयांच्या बाजू व सांधे आणि वर्षानुवर्षांची काजळी यांमुळे छताचे काम सपाट स्लॅबच्या तुलनेत फार वाढते. चुना दिलेल्या भिंतीवरील सुटे थर काढल्याशिवाय नवा रंग धरत नाही. भिंतीला ओल किंवा लोणा असेल, तर आधी पाण्याची वाट बंद केली पाहिजे. अन्यथा पोपडे सुटतात आणि दोष मात्र कारागिराच्या माथी येतो.

जुना तैलरंग घासताना आणखी एक दक्षता हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते. म्हणून भिंत ओली करून घासावी, नाक-तोंड झाकावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे. या दक्षतेला लागणारा वेळही मजुरीतच धरला पाहिजे.

वाळण्याचा वेळ

कामाचा दिवस आणि पंचांगाचा दिवस एक नव्हेत. दोन हातांमध्ये थर वाळावा लागतो. पावसाळ्यात त्याला अधिक वेळ लागतो आणि तैलरंगाला बहुधा रात्र जाऊ द्यावी लागते. दोन खोल्या आलटून पालटून घेतल्या, तर हा वेळ फुकट जात नाही. एकच खोली असेल, तर कारागिराचा खोळंबा कोणी सोसायचा हे आधीच ठरवावे. दिवाळी किंवा लग्न तोंडावर आले असताना काढलेले काम घाईत उरकले जाते, आणि घाईचा पहिला बळी घासकाम असते.

कायदा व व्यवहार

कामावर मजुरी दिली, तरी तिचा पाया वेळच आहे, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. नेमलेल्या कामगाराची मजुरी कामाच्या तुकड्यावर ठरविली, म्हणून ती कालमानाने ठरलेल्या किमान वेतनाखाली नेता येत नाही. घासकाम करणाऱ्या स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषाहून कमी रोज देणेही कायद्याला मान्य नाही.

या दृष्टीने ग्रामपंचायती व शाळा यांना चांगला पायंडा पाडता येईल. उन्हाळ्याच्या सुटीत शाळाखोलीला रंग देताना क्षेत्रफळ, भिंतीची स्थिती, रंगाचे हात, साहित्य कोणाचे, उचल किती आणि उरलेली रक्कम केव्हा, या सहा बाबी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. वाढीव काम निघाले, तर त्याची नोंद त्याच कागदावर व्हावी. वरच्या वर्गातील मुलांकडून खोलीचे माप काढून घेतले, तर क्षेत्रफळाचा धडाही आपोआप होईल. कामाच्या दिवसांची नोंद कारागिरालाही उपयोगी पडते. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी होण्यासाठी मागील वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

भिंतीचा रंग किती वर्षे टिकेल, हे रंगाच्या डब्याइतकेच त्याखालच्या घासकामावर अवलंबून असते. त्या घासकामाचे दिवस मोजून त्यांची मजुरी चुकविणे हे कारागिराच्या आणि घरमालकाच्याही हिताचे आहे.