खेळाचें थेट चित्र आणि घरची छत्री



रविवार, ता. २ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ. नव्या मुंबईंत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि पावसामुळें तो दोन तास उशिरां, पांच वाजतां सुरू झाला. सांगलीकरांस त्या सामन्याचें केवढें अगत्य होतें, तें निराळें सांगावयास नको. विजय हजारे १९१५ सालीं याच गांवीं जन्मले, ही गोष्ट आम्ही जुनी मंडळी अजून कौतुकानें सांगतों. आणि येथेंच लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना आज भारताचा डाव सुरू करणार होती. आमच्या बैठकीच्या खोलींत शेजारपाजारचीं दहाबारा माणसें जमलीं होतीं.

पहिल्या जोडीनें शंभर धावा ओलांडल्या आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडूं लागले. चेंडू हवेंत थांबला, समालोचकाचा शब्द अर्ध्यांत तुटला, पडदा काळा झाला. चित्र परत आलें तेव्हां स्मृती ४५ धावांवर बाद होऊन निघून गेली होती. शेजारच्या वहिनींची सात वर्षांची नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, ती कुठे गेली?" मजजवळ उत्तर नव्हतें.

मग मीं तें केलें, जें अशा वेळीं आपण सारेच करतों. छत्री बसवून देणाऱ्या तरुणास दूरध्वनि करून चार कडक शब्द ऐकविले. बातम्यांची वाहिनी स्वच्छ दिसते, मालिका स्वच्छ दिसतात, मग सामनाच कां तुटतो? दोष तुमच्या कंपनीचा, असा माझा युक्तिवाद. तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, एच.डी. सोडा, तीच मॅच साध्या चॅनेलवर लावा. उद्या सकाळी येतो." मीं लावली, आणि उरलेला सामना अखेरच्या बळीपर्यंत अखंड दिसला. चित्र किंचित् मंद होतें इतकेंच. भारतानें ५२ धावांनीं विश्वचषक जिंकला. पण माझ्या डोक्यांत त्या तरुणाचें वाक्य घोळत राहिलें.

साध्या वाहिनीवर जें दिसतें तें उंची वाहिनीवर कां तुटावें? साध्या चित्रांत आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, एच.डी. चित्रांत १९२० आणि १०८०. गुणाकार करून पाहा, ही सामग्री पांचपट भरते. ती पाठवावयाची तर लहरींवर अधिक दाटीनें लादावी लागते, आणि दाटीचें अक्षर वाचावयास चष्मा स्वच्छ लागतो. येथें चष्मा म्हणजे आपली छत्री. ती थोडी ढळली तर मोठ्या अक्षराच्या वाहिन्या चालूच राहतात, बारीक अक्षराच्या आधीं जातात. आपण सामना नेमका बारीक अक्षराच्या वाहिनीवर पाहतों, आणि शिव्या देतों सामन्याला.

जुन्या काळीं हा घोटाळा नव्हता. साताऱ्यास नोकरींत असतांना अजिंक्यताऱ्यावरील मनोऱ्याकडे तोंड करून ॲन्टेना लावीत असूं. एक जण कौलांवर, दुसरा खिडकींत, आणि "आलं का?" "नाही, उलटं फिरव!" असा संवाद गल्लीभर ऐकूं येई. लहर अशक्त झाली कीं पडद्यावर मुंग्या येत. मुंग्यांतूनहि खेळाडू ओळखतां येई. ते जुने प्रक्षेपक आतां बहुतेक ठिकाणीं बंद झाले. नवी पद्धत अंकांची आहे. तींत लहर कमी होत जाते तरी चित्र अखेरपर्यंत सुरेख असतें, आणि एका पायरीखालीं एकदम कोसळतें. म्हणून बिघाड आज झाला असें वाटतें. वस्तुतः तो पंधरा दिवस मुरलेला असतो.

उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असतो. दूरदर्शनच्या मोफत सेवेचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे सातारा-सांगलीकडून पाहतां आग्नेयेस, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर. इतर कंपन्यांचे उपग्रह निराळे, पण नियम तोच. दीडदोन फुटी छत्रीची दृष्टि इतकी अरुंद असते कीं, दीडदोन अंश ढळली तरी काम बिघडतें.

पावसाचें मात्र तसें नाहीं. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास; वळवाचे टपोरे थेंब त्या गिळतात आणि उधळतात. महाबळेश्वराच्या बाजूची बारीक झिमझिम दिवसभर चालली तरी चित्र बहुधा टिकतें, आणि जत-आटपाडीकडे मे महिन्यांत वळीव कोसळला कीं पंधरा मिनिटें पडदा काळा. अंगणांत ऊन असून आग्नेयेस दोनतीन किलोमीटरांवर सर पडत असेल, तरी तोच प्रकार. येथें छत्रीवर चढूं नये. विजेच्या कडकडाटांत तर मुळींच नाहीं. सर ओसरली कीं चित्र आपोआप येतें. वारंवार त्रास होत असल्यास थोडी मोठी छत्री बसवावी. मार्चच्या पूर्वार्धांत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधींत सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशीं येतो. तेव्हां कांहीं दिवस, ठराविक वेळीं, कांहीं मिनिटें चित्र जातें. त्यालाहि उपाय नाहीं.

पाऊस थांबून तासन्‌तास झाले तरी चित्र तुटतें, तेव्हां छत्रीच्या तोंडाशीं वायर जेथें जोडली आहे तेथें पाणी शिरलें असावें. जोड कोरडा करून पट्टी गुंडाळावी आणि वायरीस खालीं झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून गळून पडतें. दारचा शेवगाहि पाहावा. तो एका पावसाळ्यांत आडवा येतो. आणि चित्र तुटत नाहीं, केवळ धांवता चेंडू पुसट दिसतो, तर छत्रीला हात लावूं नका. तो दोष सामग्री दाबून पाठविण्याचा, किंवा संचांतील चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयीचा. ती सोय बंद करून पाहावी.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो तरुण आला. गच्चीवर जातांच त्यानें पांढऱ्या थेंबांकडे बोट दाखविलें. "दिवाळीला रंग काढला का, गुरुजी?" काढला होता, आणि तोहि मींच उभा राहून. रंगाऱ्यानें शिडी छत्रीच्या दांडीस टेकविली होती. बैठकीचा नट सैल होऊन छत्री तसूभर फिरली होती. त्यानें डब्याच्या यादींतून 'सिग्नल'चें पान काढावयास मला खालीं बसविलें. तेथें दोन आंकडे असतात, एक जोराचा आणि एक शुद्धतेचा. पाहावयाचा तो शुद्धतेचा. मी खिडकींतून आंकडे ओरडत होतों आणि तो वर छत्री केसभर फिरवीत होता. क्षणभर साताराच आठवला. आंकडा ४१ वरून ७८ वर गेला. आदल्या संध्याकाळच्या शब्दांबद्दल मीं त्याची क्षमा मागितली. त्यानें हंसून चहा मागितला.

जातांना त्यानें खडूनें दांडीवर आणि बैठकीवर मिळून एक रेघ ओढून दिली. मीं ती तांबड्या रंगानें पक्की केली आहे. वहिनींच्या नातीला तो बाद होण्याचा क्षण नंतर पुनःप्रक्षेपणांत दाखविला. ती म्हणाली, "हें काल का नाही दाखवलं?"