मराठवाड्याची म्हैस



वसंत व्याख्यानमालेत कुणी काव्यावर बोलतो, कुणी अध्यात्मावर. मी म्हशीवर बोलायला उभा आहे. आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, येऊ द्या. गाय माता झाली, म्हशीच्या वाट्याला थट्टा आली. आपल्याच पैठणला ज्ञानदेवांनी वेद वदवले, तेही रेड्याच्या मुखातून. म्हशीला तेव्हाही कुणी विचारले नाही! पण 2019 च्या पशुगणनेत देशात गोवंश 19.25 कोटी आणि म्हशी 10.98 कोटी भरल्या, आणि देशाच्या दुधात या कमी संख्येच्या जनावराचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे.

आपल्या भागाची स्वतःची जात आहे, मराठवाडी. दुधना नदीच्या काठावरून तिला 'दुधनाथडी' असेही म्हणतात. बांधा मध्यम, रंग काळा किंवा राखी, एखादीच्या कपाळावर पांढरा टिळा, आणि शिंगे मानेला समांतर मागे जाऊन खांद्यापाशी थांबणारी. (पंढरपुरीची शिंगे खांद्याच्याही मागे जातात, बाजारात ओळख पटवायची ती तिथेच.) एका वेताला सरासरी अकराशे लिटरच्या आसपास दूध. हरियाणाच्या मुऱ्हापुढे हा आकडा लहान दिसतो खरा. पण तो कडब्यावर नि बांधावरच्या गवतावर मिळालेला आकडा आहे.

मग ती दावणीवरून गेली का? माझ्या लहानपणी आमच्या घरी चार म्हशी होत्या. आज तिथे मोटारसायकल उभी असते. लोक म्हणतात, पोरे आळशी झाली. मला हे पटत नाही. ज्वारी पेरली की माणसाला भाकर मिळे आणि जनावराला कडबा. सोयाबीन आले, हातात रोकड आली. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पण सोयाबीनचे भुसकट म्हणजे कडबा नव्हे. आणि पाणी! म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गायीहून फार थोड्या. उन्हात अंग निववायला तिला डोह लागतो. 1972 चा दुष्काळ आपण सोसला. 2016 साली तर लातूरकरांना पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. माणसांची ही गत, तिथे म्हशीला डोह कुठला? आधीच तिचा माज मुका, त्यात ती उन्हाने तापलेली. मालकाला कळेपर्यंत वेळ निघून जाते. वेळ हुकली की वेत लांबते, आणि भाकड म्हैस वर्षभर पोसणे गरिबाला झेपत नाही. आमची शेवटची म्हैस अशीच बाजाराला गेली. त्या दिवशी आईने धारेची चरवी घासून पालथी ठेवली. ती पुन्हा सुलटी झालेली मी पाहिली नाही.

उपाय म्हणून काहींनी मुऱ्हा आणली. माझ्या एका आप्ताने कर्ज काढून जोडी आणली होती. पहिला हिवाळा बरा गेला. पण त्यांची भूक मोठी, पेंड विकतची. दुसऱ्या उन्हाळ्यात एक दगावली, एक विकली. कर्ज तेवढे दावणीला राहिले. मुऱ्हा वाईट नव्हे. कालव्याच्या मुलखात ती लक्ष्मीच आहे. भोकरच्या माळावर तिच्यासाठी हरियाणा कुठून आणावा?

म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत. आणंदला हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, आणि 1955 साली तिथे कारखाना सुरू झाला. 1970 मध्ये दूध महापूर योजना आली. आपल्याकडे तो पूर ओसरतानाच पोहोचला. उदगीरचा शासकीय दूधभुकटी प्रकल्पही पुढे बंद पडला. अलीकडे विदर्भ-मराठवाड्यासाठी दुग्धविकासाचा नवा प्रकल्प निघाला आहे. अशा कामात मला मोलाची वाटते ती गोष्ट साधी आहे. गावातच दूध मोजावे, स्निग्धांश तपासावा आणि त्याप्रमाणे पैसे द्यावेत. गायीच्या दुधात स्निग्धांश चारेक टक्के, म्हशीच्या सहा-सात. नुसते माप धरले तर म्हैस हरते.

मध्यंतरी जवळच्याच एका वस्तीवर गेलो होतो. गोठ्यात तीन मराठवाडी म्हशी, एक वगार. डोह नाही म्हणून घरची बाई दुपारी बोअरच्या पाण्याने त्यांची अंगे भिजवत होती. सोयाबीनच्या शेतात दोन पट्टे ज्वारीचे राखले होते, केवळ कडब्यासाठी. मी सहज वगारीची किंमत विचारली.

"इकायची नाही, मामा," ती म्हणाली, "हिची आजी ह्याच खुंट्याला व्याली."

आणि तिने पाण्याची धार वगारीच्या पाठीवर वळवली.